खाली हाय

आमच्या गावचे पाणीवाले रोहिदासनाना कुठल्याही वस्तूला आधी कान लावतात, डोळे मागाहून. कलिंगड तर कुणीही वाजवून बघतो, त्यात विशेष काही नाही. पण नाना गॅसच्या टाकीला कान लावतात, बंद पडलेल्या मोटारसायकलला लावतात, गाभण म्हशीच्या पोटाला लावतात. एकदा तर भर ग्रामसभेत सरपंचांच्या छातीला लावायला निघाले होते, दोघांनी धरलं म्हणून राहिलं. माझ्या दुकानात नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन सीपीयूला कान लावला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने निकाल दिला.

"पंखा फिरतुया. पर डोक्यात काय चालू न्हाई."

कॉम्प्युटर खरंच हँग झाला होता.

ही सवय नोकरीतली. आमचं गाव हिंजवडीच्या पलीकडे रिह्याच्या खोऱ्यातलं, उतारावर पसरलेलं. पाण्याची टाकी वर टेकाडावर, आणि तिथून गल्लोगल्ली जमिनीत गाडलेली लाइन. कुठल्या आळीला पाणी कधी सोडायचं त्याचे कॉक रस्त्याकडेच्या खड्ड्यांत. ते फिरवायला नानांकडे पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आहे. चावीचं एक टोक कॉकवर, दुसरं कानाला, असे ते रस्त्यात उभे राहतात. मागे गाड्या थांबतात. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे लोक काच खाली करून विचारतात, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"गप ऱ्हावा. लाइन बोलतीया."

लाइन काय बोलते ते एकट्या नानांना समजतं. पाणी असूनही पुढे सरकत नसेल तर त्यांचं एकच निदान असतं: "हवा धरलीय." म्हणजे नळात कुठेतरी हवेचा फुगा अडकलाय. तो सोडवला की पाणी आपोआप धावतं. हे नळाच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. पण नाना तिथे थांबत नाहीत. माझ्या वडिलांचा गुडघा दुखतो, त्यात हवा धरलीय. तलाठ्याकडे सातबारा अडकलाय, हवा धरलीय. आणि माझं लग्न जमत नाही, त्यातही हवाच. आमच्या आईला त्यांनी दारात उभं राहून सांगितलं होतं, "सुजातीच्या लग्नाला हवा धरलीय, वैनी. कुटंतरी एक कॉक सैल करा, आपसूक यील." आई दोन दिवस विचारात होती की कुठला कॉक.

आता माझ्याबद्दल. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., कॉम्प्युटर सायन्स, फर्स्ट क्लास. हे मी विचारल्याशिवायही सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. वडील हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. आत बसणाऱ्यांना जे शिकून नोकरी लागली तेच मी शिकले, फक्त मी गावात दुकान टाकलं. ऑनलाइन फॉर्म, दाखले, झेरॉक्स, फोटो. भिंतीवर डिग्री फ्रेम करून लावलीय, गिऱ्हाइकाच्या बरोबर समोर. नाना मला 'बीएशी' म्हणतात. सुरुवातीला मला तो टोमणा वाटायचा. नंतर कळलं की ते फ्रेमकडे बघूनच म्हणतात, प्रत्येक वेळी, जसं कुणी देवळापुढून जाताना हात जोडतं.

नानांचं आणि आमच्या वस्तीचं एक नातं आहे, तेही सांगून टाकते. आमची बौद्धवस्ती गावाच्या वरच्या टोकाला, चढावर. नानांच्या आधीचा पाणीवाला वस्तीचा कॉक सगळ्यात शेवटी सोडायचा. तोवर टाकीतलं प्रेशर संपलेलं असायचं, मग आमच्या नळाला करंगळीएवढी धार. नाना कामावर आले आणि पहिल्याच दिवशी पहिला कॉक आमचा सोडला. गावातले चौघे विचारायला गेले. नाना म्हणाले, "चढावाच्या लोकांना प्रेशर हाय तवाच द्यावं लागतंय. तुमी उताराला हायसा, तुमाला मागनं बी भेटतंय." चौघांनी बराच विचार केला, पण भांडायला जागा सापडेना. तेव्हापासून पहिलं पाणी आमचं.

तर हे नाना गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात आले. आले ते माझ्या टेबलावर एक पांढरं गाठोडं ठेवून उभे राहिले. सुपारीएवढं. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप त्यावर चिक्कार गुंडाळली होती.

"बीएशी, ह्यात हवा धरलीय."

"कशात?"

"पेनात."

मी एका टोकाची टेप जरा सोडवली. आत पेन ड्राइव्ह होता.

"टेप कशाला गुंडाळलीत?"

"गळू नये म्हून."

"पेन ड्राइव्ह गळत नाही, नाना."

"तू बघितलाय का कधी गळताना?"

"नाही."

"मग. टेप हाय म्हून."

सगळी टेप काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. तोंडापुरती काढ, बाकीची ऱ्हाऊ दे. असेल बुवा काही श्रद्धा.

"यात आहे काय?"

"आमची मंडळी."

गावात भजनी मंडळी आहे. दर सोमवारी मारुतीच्या देवळात बसते. त्यांचं कुणी रेकॉर्डिंग केलं असेल असं मला वाटलं. "कुठली? मारुतीच्या देवळातली का?"

"देवळातली कशाला?" नाना भडकले. "घरातली! आमची मंडळी! तुझी हौसाकाकी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि लगेच दुसरीकडून अंधारही आला. कारण हौसाकाकी त्या वेळी घरी ओट्यावरच बसलेली असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

काकीचं सांगते. काकीचा आवाज म्हणजे गावचा भोंगा होता, आणि हे मी शब्दशः म्हणतेय. पाणी सुटलं की पंचायतीच्या लाउडस्पीकरवरून गावाला सांगायची पद्धत. सुरुवातीला नाना स्वतः सांगायचे. पण नानांना लोकांशी बोलायची सवय नाही, लाइनशी आहे. ते माइकमध्ये पुटपुटायचे, लोकांना वाटायचं स्पीकर बिघडलाय. मग एक दिवस ते काकीलाच पंचायतीत घेऊन गेले. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर घेतलं, पेन ड्राइव्ह अँप्लिफायरला लावला, आणि रोज दोनदा, पाणी सुटताना आणि बंद होताना, सगळ्या खोऱ्यात काकी घुमायला लागली.

"पानी आलंय, पानी आलंय! हंडं-कळश्या भरून घ्या. नळ सोडून टीव्हीम्होरं बसू नका. खालच्या आळीनं पाइप लावून म्हशी धुऊ नका, कोण धुतंय त्ये मला दिसतंय हितनं!"

एवढं झालं आणि काकी नानांकडे वळली. रेकॉर्डिंग चालूच होतं, नानांना मोबाइल बंद करता येत नव्हता. त्यामुळे पुढचंही आत गेलं.

"अवो, झालं का? बंद करा की आता."

ते काढायचं कुणालाच सुचलं नाही. गावाला वाटलं, घोषणाच तशी आहे. दुसऱ्या वेळी 'बंद करा की आता' ऐकलं की बाया आपोआप नळ बंद करायच्या. तीन-चार वर्षं हे चाललं. आमच्याकडे पाहुणे यायचे ते विचारायचे, ही कोण बाई सगळ्या गावावर नवऱ्यावर ओरडावं तशी ओरडते?

मग दोन वर्षांपूर्वी काकीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उजवी बाजू हळूहळू थोडी फिरली, काठी धरून चालते आता. वाचा नाही फिरली. सगळं कळतं, डोळ्यांनी बोलते, पण तोंडातून शब्द नाही. पेन ड्राइव्हवरची घोषणा त्याआधीच बदललेली होती. म्हणजे काकीचा आवाज घरातही नाही आणि गावातही नाही.

हे सगळं आठवून मी जरा नरमले. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. उघडला. आत काही नव्हतं. पांढरी स्वच्छ खिडकी.

"रिकामा आहे, नाना."

"रिकामा न्हाई. खाली हाय."

"तेच म्हणतेय मी."

"तू रिकामा म्हणतीस. मी खाली म्हणतुया."

"एकच झालं."

"एक कसं हुईल? टाकी रिकामी आसती तवा पानी नसतं. पानी खाली आसतं तवा आसतंय."

मला काही कळेना. पाच मिनिटं आम्ही दोघं एकाच भाषेत बोलत होतो आणि एकमेकांच्या बाजूने निघून जात होतो. शेवटी मी विचारलं, "खाली आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

तर झालं होतं असं. माझ्याकडे यायच्या आधी नाना हिंजवडीच्या बाजूला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आले होते. तिथे उत्तरेकडचा एक माणूस बसतो. त्याने पेन ड्राइव्ह लावून बघितला आणि सांगितलं, चाचा, ये तो खाली है. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या माणसाला चहा पाजला. आहे म्हणजे! वर नाही, पण खाली आहे! मग त्यांनी त्याला सांगितलं, वर काढा. त्याला 'वर काढा' कळलं नाही. तो परत म्हणाला, खाली है, चाचा, पूरा खाली. नाना म्हणाले, पुरा खाली आसंल तर टायम लागंल, बसतो मी. आणि ते तास दीड तास त्या दुकानात बसून राहिले. त्याने दुकान जेवायला बंद केलं तेव्हा उठले.

"नाना," मी म्हणाले, "हिंदीत खाली म्हणजे रिकामं."

नानांनी बोट जमिनीकडे केलं.

"मग त्या लोकांचं खाली कुटं गेलं?"

"खालीला ते नीचे म्हणतात."

"आन रिकाम्याला खाली?"

"हो."

"आन खालीला नीचे."

"हो, नाना."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. आता त्यांना पटलं असं मला वाटलं. ते म्हणाले, "आसंल. त्येनं चुकून का हुईना, बराबर सांगितलं. खालीच हाय." आणि त्यांनी कॉम्प्युटरमधून पेन ड्राइव्ह सरळ उपटला. असा उपटू नये हे मी सगळ्यांना शिकवते. त्यांनी तो कानाला लावला. डोळे मिटले. दुकानात झेरॉक्ससाठी थांबलेल्या दोन बायाही कान देऊन पुढे वाकल्या.

"हाय आत," नाना म्हणाले. "बोलतीया. हवा धरलीय म्हून भाईर येत न्हाई."

मी शिकलेली बाई. पेन ड्राइव्ह कानाला लावणाऱ्या माणसाशी वाद किती घालायचा? मी त्यांना स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. म्हटलं, ही वस्तू लाइनसारखी नाही. यात फाइल असते. फाइल पुसली की संपली. कुणीतरी पुसलीय. संपलं.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या गावात नवी लाइन टाकली तवा जुनी काढली का?"

"मला काय माहीत?"

"न्हाई काढत. जुनी तितंच खाली ऱ्हाती. पंचायतीच्या कागदावरनं ती पुसत्यात, वर मुरूम टाकत्यात, झालं. कागद बघून सायेब म्हंतो, हितं काय बी न्हाई. आन मी म्हंतो, सायेब, तुमी उभं हाय तितंच खाली हाय. कुदळ मारा." त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "तुजा कॉम्प्युटर कागद बघून बोलतुया, बीएशी. कुदळ मारली का तू?"

नव्हती मारली, आणि मारायला हवी होती. कारण दुसऱ्या वर्षाला हे आम्हाला होतं. पुसलेली फाइल जागेवरच असते. फक्त यादीतून तिचं नाव जातं आणि ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर ती परत मिळू शकते. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी दोन पानं उत्तर लिहिलं होतं. फर्स्ट क्लास मिळाला तो असल्याच उत्तरांवर. आणि नाना मला ते मुरूम आणि कुदळ घेऊन शिकवत होते.

"बघते," मी म्हणाले. "पण मिळालं तरी करणार काय त्याचं?"

मग त्यांनी त्यांची सगळी योजना सांगितली. लाइनीत हवा धरली आणि वरून कितीही पाणी सोडलं तरी ती हटत नाही. तेव्हा उलट्या बाजूने पाणी सोडायचं. हवा ढकलली जाते आणि वरच्या तोंडातून फस्सकन बाहेर पडते. काकीचं तसंच. लोक म्हणतात अंगावरून वारं गेलं. नानांच्या मते ते गेलेलं नाही, आतच अडकलंय. डॉक्टर वरून औषध सोडताहेत, त्याने काय होणार? तिचाच आवाज तिच्याच कानातून आत सोडायचा, प्रेशरने. मग हवा तोंडातून बाहेर आणि मागोमाग आवाज.

"डॉक्टर काय म्हणतात यावर?"

"डॉक्टरला लाइनीतलं काय कळतंय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी पुसलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि पेन ड्राइव्ह परत लावायला उचलला. हाताळून हाताळून त्याची टेप सैल झाली होती, ती सुटून माझ्या हातात आली. खाली एक छोटा कागद चिकटवलेला होता. त्यावर निळ्या शाईने लिहिलं होतं: 'ग्रा.पं. पाणी. फॉरमॅट केला.'

अक्षर माझं होतं.

मला सगळं एका दमात आठवलं. दुकान नवीन होतं. पंचायतीने घोषणा बदलायचं काम मला दिलं होतं, माझं पहिलं सरकारी काम. शहरातल्या कुणा बाईच्या आवाजात नवी घोषणा आली होती, 'सर्व ग्रामस्थांना विनंती करण्यात येते की'. मी पेन ड्राइव्ह आधी फॉरमॅट केला, कारण ती शिस्त असते, आणि चार लोक बघत होते. नवी घोषणा त्यावर टाकली. ती अँप्लिफायरने वाजवली नाही. मग ती पुसली आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकून दिली. हा जुना पंचायतीच्या कपाटात पडला. त्यात काकी आहे हे मला माहीत होतं. पण काकी तेव्हा रोज बोरिंगवर माझ्या आईशी तासभर बोलायची. तिचा आवाज जपून ठेवायची वस्तू आहे असं कुणाला वाटणार?

"नाना," मी म्हणाले. "हे मीच पुसलंय."

"मला ठावं हाय. मी तितंच हुतो की, चावी घिऊन. कपाट आवरताना भंगारात चालला हुता, म्या उचलला."

"मग त्या हिंजवडीला कशाला गेलात?"

"म्हणलं, तुला कशाला तरास."

"आणि ही टेप?"

नाना जरा चुळबुळले. "तू आधी वाचलं आसतंस तर घाबरली आसतीस. घाबरल्यालं माणूस कॉक जोरात फिरवतंय. आटं मोडत्यात." मग म्हणाले, "आन तुझ्याकडंच येणार की. ज्यानं बंद केला त्यालाच ठावं आसतं किती आटं फिरवल्यात."

त्यांच्यामागे भिंतीवर माझी डिग्री होती. मी तिकडे बघितलं नाही.

सॉफ्टवेअर चालू होतं. पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत जाते आणि शेजारी टक्के दिसतात. नाना स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. टाकी भरताना बघायची सवय, त्यामुळे त्यांना हे पहिल्यांदा कळण्यासारखं वाटलं. "पाव भरली," ते सांगायचे. मी फॉर्म भरत होते. "निम्मी भरली." एका बाईचा रेशनकार्डाचा फॉर्म मी दोनदा चुकवला. नव्वद टक्क्यांना नाना उठून उभे राहिले. "बंद कर, बंद कर, उतू जाईल!"

"नाही जात."

"मी चाळीस वर्सं बघतुया!"

शंभर झाले. उतू गेलं नाही. चौदा फायली सापडल्या, नावं नसलेल्या, नुसते आकडे. मी एकेक उघडायला लागले. पहिलीत कुठल्यातरी योजनेचा फॉर्म. दुसरीत ग्रामपंचायतीचा गणपती, वाकडा फोटो. तिसरी, चौथी, पाचवी उघडेचनात. सहाव्यात ती शहरातली बाई, 'सर्व ग्रामस्थांना विनंती'. नाना म्हणाले, "हिला कुणी बोलावलं?" बाकीच्यांत नुसती खरखर. मला कळून चुकलं. नवी घोषणा टाकली तेव्हा ती बरोबर काकीच्या घोषणेवर बसली होती. जागा पहिल्यापासून भरत जाते. नव्या बाईने काकीची जागा घेतली होती, आणि तिला तिथे बसवणारी मी होते.

तेरावी फाइल अगदी छोटी होती. पाच-सहा सेकंदांची. आधी खरखर, मग:

"...तंय हितनं! अवो, झालं का? बंद करा की आता."

"झालं, झालं," नाना म्हणाले.

ते लगेच म्हणाले. विचार न करता. म्हणून झाल्यावर त्यांनाच कळलं की आपण बोललो. दुकानातल्या बाया बाहेर बघायला लागल्या.

"परत लाव."

मी परत लावलं. अवो, झालं का? "झालं, झालं." परत लावलं. पाच-सहा वेळा लावलं असेल. दर वेळी नानांनी उत्तर दिलं, एकदाही चुकवलं नाही.

मी म्हणाले, "नाना, आधीचं सगळं गेलं. पाणी आलंय, हंडे भरून घ्या, म्हशी... ते नाही मिळणार आता. शेवटचं शेपूट तेवढं राहिलं."

"आधीचं गावाचं हुतं," नाना म्हणाले. "हे माझं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छोटा स्पीकर घेऊन त्यांच्या घरी गेले. काकी ओट्यावर बसली होती. नानांनी स्पीकर तिच्या डाव्या कानाजवळ धरला, पाइपाचं तोंड दाबून धरतात तसा, फट राहू नये म्हणून. मला खुणेने म्हणाले, सोड.

मी सोडलं.

काकीने आधी रस्त्याकडे बघितलं, कोण बोलतंय म्हणून. मग माझ्याकडे. मग स्पीकरकडे. तिचं कपाळ आठ्यांनी भरलं. नाना तिच्या तोंडाकडे असे बघत होते की आता फस्सकन हवा सुटेल आणि आपल्याला बाजूला व्हावं लागेल.

"परत सोड. प्रेशर कमी हाय."

मी आवाज वाढवला. काकीचे ओठ हलले. आवाज नाही आला. मी डॉक्टर नाही, पण येणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मीही वाट बघत होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग काकीने डावा हात उचलला, हवेत मूठ वळली, आणि उजवीकडे फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. मग बोट रस्त्याकडे.

"काय म्हंतीया?" नाना म्हणाले. "आगं, काय?"

मूठ पुन्हा फिरली. जरा रागाने.

मी रस्त्याकडे बघितलं. खालच्या आळीचा कॉक पहाटेपासून तसाच चालू होता. पाणी गटारातून वाहत चाललं होतं. नाना या गडबडीत बंद करायला विसरले होते, जन्मात पहिल्यांदा. आणि काकी मघापासून तेच ऐकत होती.

"आलो, आलो, करतु बंद!" म्हणत नाना चावी घेऊन पळाले. काकी माझ्याकडे बघून डाव्या गालाने हसली.

यापुढे सांगण्यासारखं थोडंच आहे. मी सरपंचांकडे गेले, माझी चूक सांगितली, आणि शेवटचे पाच सेकंद परत लावायची परवानगी घेतली. आता रोज पाणी बंद व्हायच्या वेळी ती शहरातली बाई ग्रामस्थांना विनंती करते, मग खरखर होते, आणि मग सगळ्या खोऱ्यात काकी: "अवो, झालं का? बंद करा की आता." विनंतीने एकही नळ बंद होत नाही. याने सगळे होतात.

पण एक गोष्ट मला काही दिवस कळत नव्हती. घोषणा झाल्यावरही आमच्या वस्तीचं पाणी थोडा वेळ चालूच राहायचं. पाणी वाया जातं म्हणून मी एक दिवस टेकाडावर चढून विचारायला गेले. नाना टाकीजवळच्या मोठ्या कॉकवर चावी लावून उभे होते. घोषणा होऊन गेली होती.

"नाना, झाली की वेळ. बंद का करत नाही?"

"थांब," नाना म्हणाले. "खाली हाय."

"टाकी?"

त्यांनी हनुवटीने दाखवलं. तिथून सगळं गाव दिसतं. आमची वस्ती, देवळाचा कळस, आणि पलीकडे नानांचं घर, ओटा, ओट्यावर काडेपेटीएवढी काकी. नाना तिच्याकडे बघत उभे होते. जरा वेळाने त्या एवढ्याशा माणसाचा डावा हात वर आला आणि हवेत फिरला. एकदा, दोनदा, तीनदा.

"झालं गं, झालं!" नाना ओरडले. एवढ्या लांब तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी कॉक बंद केला. मी मोजले, बरोबर तीन आटे.